बघून घेतली होती ना?

जुनी गिटार विकत घेतली की महिन्या-दोन महिन्यांत भांडण व्हायचंच. १९८०च्या आसपासच्या गिरगावात, धोबीतलावावर आणि चोरबाजारात तरी हा क्रम ठरलेला होता. गिटार घरी यायची, चाळीच्या गॅलरीत चार दिवस मिरवायची. मग एखाद्या संध्याकाळी तिसऱ्या फ्रेटवर बोट दाबलं की तार खरखरायला लागायची, आणि दुसऱ्या दिवशी तीच गिटार चादरीत गुंडाळून पुन्हा दुकानाच्या फळीवर ठेवली जायची. दुकानदार तारेला हात न लावता पहिलं वाक्य बोलायचा. कधी हिंदीत, कधी मराठीत, कधी गुजरातीत, पण वाक्य एकच : ‘‘बघून घेतली होती ना?’’

जुन्या वाद्यांचा सगळा व्यापार तेव्हा या एका प्रश्नावर उभा होता. आज माझी भाची सांगलीत बसून बंगळुरूच्या विक्रेत्याकडून जुनी गिटार मागवते. तिला हा प्रश्न कोणी विचारू शकत नाही, कारण तिने गिटार पाहिलेली नसते. पाहिलेले असतात ते फोटो. तिचीही भांडणं होतात आणि ती आमच्यापेक्षा पुष्कळ वेळा जिंकते. मला त्याचा मनापासून आनंद आहे. तरीही तिचं आणि आमचं भांडण शेजारी ठेवून पाहिलं, की आमच्या वेळच्या भांडणात एक गोष्ट होती आणि ती तिच्या वाट्याला येत नाही, असं वाटत राहतं. तेव्हा वाद वाद्यासमोर व्हायचा. गिटार दोघांच्या मध्ये फळीवर पडलेली असायची आणि शेवटचा शब्द तिचा असायचा.

जुनीच गिटार का घ्यायची, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. १९७३ मध्ये ‘यादों की बारात’ आला आणि आमच्याआधीच्या पोरांना गिटारचं वेड लागलं; आमच्यापर्यंत ते जसंच्या तसं पोचलं. धोबीतलावावर फुर्टाडोजचं दुकान होतं, १८६५ पासूनचं. त्याच्या काचेसमोर उभं राहायला पैसे पडत नसत, म्हणून आम्ही तिथे पुष्कळ उभे राहिलो. परदेशी वाद्यं आयात करण्यावर निर्बंध होते आणि जकात जबर होती. देशी बनावटीच्या गिव्हसन आणि हॉबनर मिळत. पहिली गिटार म्हणून हजारो घरांत त्याच गेल्या. पण ज्याच्या कानात रेडिओवरचा आवाज बसला होता, त्याला त्या प्लायवूडच्या पेटीतून तो ऐकू येईना. त्याला हवी असायची परदेशी गिटार, आणि ती जुनीच परवडायची.

या गिटारी यायच्या समुद्रातून. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपासच्या गल्ल्यांत गोवेकरांचे ‘कूड’ होते. एकेका गावाचा एकेक कूड. बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी, वाजवणारे दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढायचे. भिंतीशी ट्रंका लागलेल्या, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. कोणी जपानच्या बंदरातून गिटार आणलेली असायची, कोणी हॅम्बुर्गहून. पुढची बोट मिळेपर्यंत पैसे संपले की ती विकायला निघायची. दुसरी वाट गोव्याहून यायची. हणजुण्याच्या किनाऱ्यावर बुधवारच्या बाजारात हिप्पी लोक परतीच्या भाड्यासाठी अंगावरचे कपडे, कॅमेरे, गिटारी विकायचे, आणि त्यातली काही वाद्यं चार हात बदलून मुंबईला पोचायची. अशा प्रत्येक गिटारीला इतिहास होता, पण तो कुठे लिहिलेला नव्हता. बोटीच्या इंजिनखोलीशेजारी ती किती महिने राहिली, कोणत्या उन्हात पडली, मान कधी मोडली, हे लाकडातूनच वाचावं लागायचं.

म्हणून घ्यायला जाताना सोबत जाणता माणूस लागायचा. आमच्या गटात तो मान एका मित्राकडे होता, कारण त्याचा काका एका बँडमध्ये वाजवायचा. तो गिटारीची पेटी गालाशी धरून एक डोळा मिटायचा आणि मानेवरून नजर टाकायचा. मान किंचित आत झुकलेली चालते, तारांना थरथरायला तेवढी जागा लागते. पण ती पिळलेली असेल तर गिटार खाली ठेवायची आणि चहा प्यायला जायचं. मग सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघायच्या. पाठीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत जायचं. आतली एखादी पट्टी सुटलेली असली की तिथे आवाज फुटका येतो. तारा जिथे पेटीला अडकतात त्या ब्रिजच्या कडेखाली बेस्टच्या बसचं तिकीट सरकवून पाहायचं. तिकीट आत गेलं, म्हणजे ब्रिज उचलायला लागला आहे.

सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा बाराव्या फ्रेटची. तिथे तार नुसती स्पर्शून सोडली की एक स्वच्छ, घंटेसारखा सूर निघतो. मग तिथेच तार दाबून वाजवायची. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. बारावा फ्रेट उघड्या तारेच्या बरोबर मध्यावर असतो. बाकीचे फ्रेट एका प्रमाणात बसवलेले असतात, म्हणजे राहिलेल्या लांबीचा सुमारे अठरावा भाग सोडून पुढचा फ्रेट. नेमका आकडा १७.८१७. आता कोणी सुटलेला ब्रिज पुन्हा चिकटवताना दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे केला, तर सगळं गणित कोसळतं. मग किल्ल्या कितीही पिळा, ‘सा’ जुळला की ‘प’ बिघडतो आणि ‘प’ जुळला की वरचा ‘सा’. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. तिथे चुकलेली जागा जन्माची चुकते.

इतकं करूनही भांडण व्हायचं, कारण लपवणारेही कसबी होते. भेगेत लाकडाचा भुसा आणि सरस भरून वरून फ्रेंच पॉलिश मारलं की दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली काही दिसत नसे. झिजलेल्या फ्रेटवर नवीन तारा चढवल्या की चार दिवस आवाज चमकतो. आणि मुंबईचा पाऊस तर दुकानदाराच्या बाजूनेच कोसळायचा. एप्रिलमध्ये घेतलेली गिटार जुलैत फुगायची. त्याचं म्हणणं तयार असायचं : ‘‘हवा लागली, आम्ही काय करणार?’’

एक भांडण मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. मित्राने चोरबाजारातून एक स्पॅनिश घाटाची गिटार घेतली होती. रुंद मान, डोक्याला खाचा, नायलॉनच्या तारांसाठी केलेली, पण विकताना तिच्यावर पोलादी तारा होत्या. तेव्हा हे सर्रास चालायचं. पोलादी तारा सहज मिळायच्या आणि आवाज मोठा यायचा. ज्याला फरक ठाऊक नाही त्याला ते बरंच वाटायचं. फरक मात्र मोठा आहे. सहा नायलॉनच्या तारा मिळून ब्रिजला साधारण चाळीस किलोने ओढतात, सहा पोलादी तारा सत्तर किलोच्या आसपास. त्या ब्रिजला धरून ठेवणारा असतो फक्त सरस. पहिल्या पावसात ब्रिज निम्मा उचलला गेला. आम्ही चौघं गिटार घेऊन गेलो.

‘‘तुम लोगोंने स्टील की तार लगायी,’’ दुकानदार चाचा म्हणाले.

‘‘चाचा, तुमच्याकडूनच लागून आली होती.’’

‘‘देख के लिया था ना?’’

अर्धा तास हेच चाललं. शेजारचा घड्याळवाला, समोरचा ग्रामोफोनवाला सगळे मत देऊन मोकळे झाले. शेवटी चाचांनीच तोड सुचवली : धोबीतलावच्या अंकलकडे जाऊ. सिनेमाच्या वाद्यवृंदांत उमेदीची वर्षं घालवलेले हे वृद्ध गोवेकर एका कुडात राहायचे आणि दुपारी वाद्यं दुरुस्त करायचे. चोरबाजारातले विक्रेते आणि आमच्यासारखी पोरं, दोघांचंही त्यांच्याशिवाय चालत नसे. त्यामुळे त्यांचा शब्द दोघांनाही मान्य असायचा. चाचा दुकान पोराच्या हवाली करून आमच्याबरोबर चालत आले, हे आज सांगताना मला विशेष वाटतं.

अंकलनी कोणालाच काही विचारलं नाही. तारा सैल केल्या, पातळ सुरी गरम करून ब्रिजखाली घातली, हळूहळू तो पुरता काढला आणि उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. ‘‘पळय पुता,’’ ते मित्राला म्हणाले. ब्रिजच्या बुडाला दोन थर होते. खालचा तपकिरी, काचेसारखा तडकणारा सरस; त्याच्यावर पांढुरका, रबरासारखा थर. पहिला मूळ कारागिराचा, दुसरा फेव्हिकॉलचा. म्हणजे ब्रिज विकण्याआधीच एकदा निघाला होता आणि कोणीतरी जुना सरस न खरवडता वरूनच चिकटवला होता. लाकडाला लाकूड लागलंच नव्हतं. अंकल चाचांकडे पाहून एवढंच म्हणाले, ‘‘पोरांच्या तारांनी निघाला, पण आधी सुटला होता तुमच्याकडे.’’

चाचांनी पैसे परत दिले नाहीत. पैसे परत देणं हा प्रकारच नव्हता. पण दुरुस्तीचा सगळा खर्च त्यांनी दिला, वर नायलॉनच्या तारांचा संच दिला. अंकलनी मित्राला समोर बसवून दोन्ही तारांमधला फरक समजावला. ती गिटार पुढे कित्येक वर्षं वाजली. मित्र नंतर त्याच चाचांकडून घ्यायचा आणि त्याला तिथे कोणी फसवलं नाही, कारण आता त्याला काय पाहायचं ते कळत होतं आणि चाचांना ते ठाऊक होतं.

कायद्याने पाहिलं, तर आमची बाजू लंगडीच होती. १९३०चा वस्तू-विक्री कायदा खरेदीदारालाच सावध राहायला सांगतो. त्याच्या सोळाव्या कलमात एक अपवाद आहे : वर्णनावरून माल घेतला आणि विकणारा त्याच मालाचा व्यापारी असला, तर माल विकण्याजोग्या दर्जाचा असलाच पाहिजे. पण लगेच पुढची अट येते. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्याबद्दल तक्रार चालत नाही. म्हणजे दुकानदाराच्या तोंडचं ‘बघून घेतली होती ना’ हे आडमुठेपणाचं वाटलं, तरी त्याच्या पाठीशी कायदा होता. ज्याने हात लावून, वाजवून, तिकीट सरकवून पाहिलं, त्याचाच हक्क कमी व्हायचा. त्यातून पावती नसे. असली तर तिच्या खाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे छापलेलं असायचंच.

या छापील ओळीविरुद्ध महाराष्ट्रात लढाई सुरू झालेली होती, हेही सांगायला हवं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आमच्या चाळीत पंचायतीचं वाटप यायचं. डाळ, तेल, साबण यांच्याबरोबर ग्राहकाला हक्क असतो हा विचारही त्या पिशव्यांतून घरोघर गेला. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षी रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झालं आणि इलेक्ट्रिक गिटारच्या मागे धावणारी एक नवी फौज बाजारात उतरली. त्या कायद्याने जुनी किंवा डागडुजी केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित प्रथा ठरवली. पण आमचं दुखणं वेगळं होतं. जुनी वस्तू जुनी म्हणूनच विकली जायची. ती किती जुनी, किती मोडलेली, हा वाद होता. ग्राहक मंचाकडे आमच्यातलं कोणी गेलं नाही. हातात पावती नव्हती, आणि पुढच्या तारा त्याच दुकानातून घ्यायच्या होत्या.

इथवर मी ज्या दिवसांबद्दल मायेने लिहिलं, त्यांची दुसरी बाजू माझ्या धाकट्या बहिणीने भोगली. तिला नोकरी लागल्यावर तिने स्वतःच्या पगारातून गिटार घ्यायचं ठरवलं. मी तेव्हा नोकरीमुळे नाशकात होतो. ती एकटी एका दुकानात गेली आणि तिला चकचकीत पॉलिशची एक गिटार दाखवली गेली. घरी आणल्यावर तार दाबता दाबेना. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात दोन-अडीच मिलिमीटरचं अंतर पुरतं. तिच्या गिटारीत ते दुपटीहून अधिक होतं, कारण मान धनुष्यासारखी वाकली होती. मानेच्या आत घट्ट-सैल करता येणारी लोखंडी सळई घालायची युक्ती गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकातच आणली होती, पण स्वस्त गिटारींत ती क्वचितच असे. या गिटारीत नव्हतीच. वाकलेली मान सरळ करायला काही उपाय नव्हता. ती परत गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, तुमची बोटं नाजूक आहेत. सवय झाली की दाबली जाईल.’’

तिने महिनाभर बोटं सोलून घेतली. मग तिने शिकणंच सोडलं. तिला ना अंकल माहीत होते, ना ती कुडात जाऊन बसू शकत होती. वाद्यासमोर होणारा तो न्याय ज्यांची गल्लीत ओळख होती, ज्यांच्या पाठीशी चार पोरं उभी होती, त्यांच्यासाठी होता. एकट्या बाईला, साताऱ्याहून दिवसाभरासाठी आलेल्या मुलाला, भाषा न येणाऱ्याला तो मिळत नसे. बहिणीचे ते पैसे गेले याचं मला आजही वाईट वाटतं, आणि तिचं वाजवणं गेलं याचा राग येतो.

म्हणून तिची मुलगी आज दुकानदाराशी भांडते ते मी कौतुकाने ऐकतो.

मधल्या काळात बाजार पार बदलला. १ एप्रिल २००१ पासून ग्राहकोपयोगी मालावरचे उरलेसुरले आयात-निर्बंध उठले आणि चिनी गिटारींचा लोट आला. नवीच गिटार कॉलेजच्या पोराला परवडू लागली, तेव्हा जुन्या साध्या गिटारींचा धंदा आटला. उरला तो चांगल्या जुन्या गिटारींचा, आणि तो मोबाइलवर गेला. आता गिटारची प्रत ठरलेल्या पायऱ्यांनी सांगतात : जवळजवळ नवी, उत्तम, चांगली, बरी. सोबत बारा-पंधरा फोटो. हे फोटो फार सुंदर असतात. पण फोटोत लाकूड दिसतं, ताण दिसत नाही. झिजलेला फ्रेट एका कोनातून नवा दिसतो. आणि खरखर ऐकू यायला तर फोटोला कानच नाहीत.

भाचीने गेल्या वर्षी लेस पॉल घाटाची एक इलेक्ट्रिक गिटार मागवली. वर्णनात ‘उत्तम स्थिती, किरकोळ ओरखडे’. खोकं उघडताना तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रण केलं; आजची मुलं हे न सांगता करतात. गिटार वाजत होती. पण नटच्या मागे, जिथे डोकं मानेला जुळतं, तिथल्या रंगाची झाक तिला निराळी वाटली. या घाटाच्या गिटारींचं हेच मर्मस्थान आहे. डोकं मागे झुकलेलं असतं, गिब्सनच्या मूळ रचनेत तब्बल १७ अंश. अख्खी मान एकाच महोगनीच्या तुकड्यातून काढलेली, त्यामुळे नेमक्या त्या वळणावर लाकडाचे रेषे आडवे कापले जातात. वरून मानेतली सळई घट्ट-सैल करायला तिथेच खाच कोरलेली. गिटार स्टँडवरून मागे पडली की तिथे मोडते. नीट जोडली तर जोड भक्कम होतो आणि आयुष्यभर टिकतो, पण किंमत पुष्कळ उतरते. ते न सांगता विकणं म्हणजे उघड फसवणूक.

तिने फोन केला : ‘‘मामा, मला वाटतंय डोकं जोडलेलं आहे. पण विक्रेता म्हणतो तो फक्त रंगाचा फरक आहे.’’ मी म्हटलं, गिटार घे आणि मिरजेला जा.

सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून देशभरचे गवई तानपुरा घ्यायला, त्याची जवारी काढायला तिथे येतात. सतार मेकर गल्लीतल्या एका कारागिराने तिची गिटार आधी नखाने, मग बोटाच्या पेराने चाचपली. भाचीने नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी नेली होती. अंधार करून ती मानेवर धरली, तेव्हा जुन्या रंगाची हिरवट चमक एका ठिकाणी तुटली आणि तिथे गडद पट्टा दिसला. तेवढा भाग नंतर रंगवलेला होता. कारागिराने ते आपल्या दुकानाच्या कागदावर मराठीत लिहून दिलं : कुठे जोड आहे, किती बोटं लांब आहे, जोड चांगला आहे, पण मूळचा नाही. खाली सही आणि तारीख.

तो कागद आणि चित्रण तिने विक्रेत्याला पाठवलं. विक्रेत्याने आधी ‘वापरलेल्या मालावर परतावा नाही’ हा नियम दाखवला. तिने त्याला कायदा दाखवला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणं हीसुद्धा. २०२०च्या ई-वाणिज्य नियमांनी आणखी स्पष्ट केलं : जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यावीच लागते. आणि आमच्या वेळी दुकानदाराला वाचवणारं ते सोळावं कलम आता तिच्या बाजूने उभं होतं. तिने माल पाहिलेला नव्हता, वर्णनावर विश्वास ठेवला होता. बारकाईने पाहणाऱ्या आमच्या मित्राला जे मिळू शकलं नसतं, ते न पाहणाऱ्या तिला मिळत होतं.

शिवाय जुन्या कायद्यात तक्रार विक्रेता असेल तिथे किंवा व्यवहार घडला असेल तिथे करावी लागायची. आता ती स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, तीही घरबसल्या संगणकावरून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक मदतीच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला तरी पुष्कळ विक्रेते हलतात. सांगलीच्या मुलीला बंगळुरूच्या व्यापाऱ्याशी सांगलीतून लढता येतं, हे माझ्या बहिणीच्या काळात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तक्रार करावी लागली नाही. बाराव्या दिवशी पैसे खात्यात आले, गिटार खोक्यात बंद होऊन परत गेली.

आणि इथेच माझं मन अडतं. ती गिटार चांगली वाजत होती. जोड भक्कम होता. अंकलच्या खिडकीशी हे भांडण झालं असतं, तर किंमत उतरली असती, जोडाची गोष्ट सगळ्यांना कळली असती आणि गिटार भाचीच्या हातात राहिली असती. आता ती खोक्यात घालून परत पाठवली, आणि मला खात्रीने वाटतं की रंगावर आणखी एक हात मारून ती पुढच्या कोणाला तरी ‘उत्तम स्थिती’त विकली जाईल. परतावा एका माणसाचं नुकसान भरून देतो. वाद्याबद्दलचं खोटं तसंच पुढे चालू ठेवतो. दुरुस्तीत तसं होत नसे. सुरी घालून ब्रिज उचलला की दोन थर सगळ्यांना दिसायचे.

इंग्लंडात हा हक्क आणखी पक्का आहे. तिथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याखाली व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी वस्तूसुद्धा तिच्या वयाच्या आणि किमतीच्या मानाने समाधानकारक असावी लागते; नसेल तर तीस दिवसांत नाकारता येते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातच होता असं धरून चालतात. ‘वयाच्या मानाने’ हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पण ते ठरवणार कोण? आपल्या कायद्यातही दोष नुसता पाहून कळत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद आहे. तसं झालं तर निकालाची अपेक्षित मुदत तीन महिन्यांऐवजी पाच महिने होते. गिटारीच्या बाबतीत ही प्रयोगशाळा म्हणजे शेवटी एखाद्या कारागिराचं बाकच. मिरजेत, पुण्यात, मुंबईत अशी बाकं अजून आहेत आणि गिटारचं काम शास्त्रशुद्ध शिकून आलेली नवी मुलंही आहेत. विकण्याआधीच त्यांच्यातल्या कोणाचा तरी सहीनिशी कागद गिटारीसोबत लागला, तर कायद्याची ताकद आणि अंकलची नजर एकत्र येतील. जुन्या मोटारी तपासणीचा कागद जोडून विकतात, मग जुन्या गिटारी का नाही? मला हे अजिबात अवघड वाटत नाही, आणि ते व्हावं अशी माझी तळमळ आहे.

भाचीने तर सुरुवात केलीही. आता ती विक्रेत्याकडे सजवलेले फोटो मागतच नाही. मानेवरून टाकलेल्या नजरेचा एक, नटच्या मागचा एक, ब्रिजच्या बुडाशी कागद सरकवून घेतलेला एक, आणि बाराव्या फ्रेटपाशी पट्टी धरून एक. शिवाय प्रत्येक तारेचा स्पर्शून काढलेला आणि दाबून काढलेला सूर, ध्वनिमुद्रित करून. निम्मे विक्रेते उत्तरच देत नाहीत. परवा नागपूरच्या एका जुन्या यामाहावाल्याने सगळं पाठवलं. तिने ते मला आणि तिच्या आईला, दोघांनाही ऐकवलं. मला चौथी तार किंचित चढी वाटली. बहीण म्हणाली, ‘‘चढी नाही, तार जुनी झाली आहे, नवी लावून पुन्हा पाठवायला सांग.’’ भाचीने तसं कळवलं आहे. तो नवी तार लावून रविवारी पुन्हा वाजवून दाखवणार आहे.